हेडलॅम्प (रात्रीचा ट्रेक आणि मुक्काम)

हेडलॅम्प म्हणजे इलॅस्टिकच्या पट्ट्याने कपाळावर बांधायचा छोटा दिवा, बरेच ट्रेकर त्याला हेडटॉर्चच म्हणतात. सह्याद्रीत रात्री गड चढणारे, गुहेत नाहीतर टेंटमध्ये मुक्काम टाकणारे, उत्तराखंडातल्या केदारकांठासारख्या ठिकाणी पहाटे दोन-तीनला समिटला (शिखराकडे) निघणारे, सगळ्यांच्या सॅकमध्ये तो असतो, नसला तर असायला हवा. मोबाइलचा टॉर्च आहे की, असं नवीन मंडळी हमखास म्हणतात पण त्यात एक हात अडकतो, आणि कळसूबाईच्या (१६४६ मीटर) लोखंडी शिड्यांवर किंवा अलंग-मदन गडांच्या कातळात दोन्ही हात मोकळे लागतात. शिवाय ज्या फोनवरून मदत मागायची त्याचीच बॅटरी उजेडासाठी संपवणं बरोबर नाही.

डोक्यावर दिवा लावायची पद्धत मुळात खाणकामगारांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या टोपीवर कार्बाइडचा दिवा असायचा, कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो, तो जळतो. गुहा शोधणारे लोक हेच दिवे पुढे कितीतरी वर्षं वापरत होते. मग बल्बवाले आले, त्यांचे सेल जड आणि लवकर संपणारे. खरा बदल एलईडीने झाला. निळा एलईडी जमल्यामुळे पांढरा उजेड देणारा एलईडी शक्य झाला (त्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं) आणि २००० च्या आसपास पेट्झल या फ्रेंच कंपनीचा टिक्का आल्यापासून खिशात मावणारा हेडलॅम्प ही साधी गोष्ट झाली.

घेताना लोक ल्युमेनच्या (दिवा एकूण किती उजेड देतो त्याचं माप) आकड्यावर भाळतात. पायवाटेने चालायला ५० ते १०० ल्युमेन पुरतात, टेंटमध्ये पाच-दहा सुद्धा खूप होतात, २००-३०० ची ताकद असावी ती वाट चुकली तर लांबवर बघायला. खोक्यावर 'इतके तास चालतो' लिहिलेलं असतं ते नीट समजून घ्या, एफएल-१ नावाच्या मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात, म्हणजे शेवटचे बरेच तास नुसता मिणमिणता दिवा असू शकतो. किती मीटर उजेड जातो तेही तसंच, जिथे उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचं अंतर लिहितात. पावसाळ्यासाठी आयपीएक्स हा आकडा बघा, दिवा किती पाणी सोसतो ते त्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे सगळ्या बाजूंनी शिंतोडे चालतात, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडच्या जुलैतल्या पावसाला चार नंबर कसाबसा पुरतो, मी तरी सातवालाच घ्या म्हणेन.

आता जी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही ती. कपाळावरचा उजेड डोळ्यांच्या अगदी जवळून निघतो, त्यामुळे दगडाची सावली बरोब्बर दगडाच्या मागे लपते, आपल्याला दिसतच नाही, आणि सावली नसली की खोलगट काय नि उंचवटा काय कळत नाही, सगळी वाट सपाट वाटते. चढताना हे फार जाणवत नाही कारण जमीन तोंडासमोर असते. उतरताना मात्र एक फुटाची पायरी सहा इंचांची वाटते आणि पाय धाडकन खाली जातो, घसाऱ्यावर सुटा मुरूम आणि पक्का कातळ यातला फरक कळत नाही. उपाय सोपा आहे, हेडलॅम्प काढायचा आणि हातात मांडीच्या उंचीवर धरायचा, किंवा सॅकच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा. उजेड खालून तिरपा पडला की प्रत्येक खड्याला लांब सावली येते आणि वाट एकदम उठून दिसते. एकदा करून बघा, लगेच पटेल.

धुक्यातही हाच उपाय लागतो. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर किंवा राजगडाच्या माचीवर ढग उतरले की कपाळावरचा उजेड समोरच्या पाण्याच्या कणांवर आपटून सरळ डोळ्यांत परत येतो, पांढरी भिंत उभी राहते, आणि माणूस घाबरून उजेड अजून वाढवतो तर भिंत अजून जाड होते. वाढवायचा नाही, कमी करायचा आणि खाली धरायचा. दुसरी अडचण ढोरवाटांची. उजेडाचा झोत अरुंद असला की आपण फक्त पायापुढचा गोल बघत चालतो आणि वाटेला फाटा फुटलेला कळतच नाही, कारवीच्या झुडपांत शिरल्यावर लक्षात येतं. म्हणून थोड्या थोड्या वेळाने थांबून मान वळवून दोन्ही बाजू बघायच्या, रंगवलेले बाण शोधायचे, आणि वाट माहीत असलेला माणूस पुढे तर दुसरा अनुभवी शेवटी, मधल्यांनी पुढच्याच्या पाठीवर झोत न मारता त्याच्या टाचांवर मारायचा.

लाल उजेडाचं बटण शोभेचं नाही. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात, आणि एकदा कोणी पांढरा झोत तोंडावर मारला की ती कमाई क्षणात जाते. डोळ्यातल्या ज्या पेशी अंधारात काम करतात त्यांना गडद लाल रंग जवळजवळ दिसत नाही म्हणून लाल उजेडात सरावलेली नजर टिकते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ आकाश बघत बसलेल्या लोकांत येताना लाल लावूनच यावं. लाल उजेडाला किडेही कमी येतात, पावसाळ्यात जेवताना पांढरा दिवा चालू ठेवला तर भातापेक्षा पाखरं जास्त होतात. पण लाल उजेडात चालू नये, अंतर कळत नाही, आणि नकाशावरच्या लाल रेघा तर गायबच होतात. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते पाऊस लागेपर्यंत, राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीकडे जाणाऱ्यांनी झाडांजवळ दिवा बंदच ठेवावा ही माझी कळकळीची विनंती. काजवे लुकलुकून जोडीदाराला बोलवत असतात, आपल्या उजेडात त्यांचं ते बोलणं बुडून जातं.

दिवा आवरायची दुसरी जागा आग्या मोहळांची. कड्याच्या पोटात, लेण्यांच्या छताला ही मोहळं असतात आणि या माश्या रात्रीही उडू शकतात, उजेडाकडे येतात. मोहोळ किती मोठंय बघू म्हणून त्यावर झोत मारणं म्हणजे अख्ख्या ग्रुपला संकटात ढकलणं.

साप-विंचवांच्या बाबतीत मात्र उजेड लागतोच. फुरसं, घोणस, मण्यार रात्री बाहेर असतात, वाटेवरच्या तापलेल्या दगडाजवळ, गवतात. हात जिथे टेकणार तिथे आधी उजेड, पाय जिथे पडणार तिथेही. रात्री टेंटबाहेर जायचं तर आधी हेडलॅम्प, मग बूट झटकून, मगच पाय खाली. त्यासाठी झोपताना दिवा गळ्यात किंवा ठरलेल्या एकाच खिशात ठेवायचा, अंधारात चाचपडायची वेळ येऊ नये. आणि एक सुंदर गोष्टही याच दिव्याने दिसते. पठारावर गवतात झोत टाकला की दव चमकल्यासारखे निळसर-हिरवे ठिपके दिसतात, जवळ जाऊन बघितलं तर ते कोळ्यांचे डोळे असतात. उजेड डोळ्यांच्या शेजारून निघतो म्हणून तो परतून आपल्याला दिसतो, तोच दिवा हातात खाली धरला की ठिपके गायब.

सेलचं म्हणाल तर मुक्कामाच्या ट्रेकला रिमोटच्या बारीक सेलवर चालणारा किंवा सेल आणि चार्जिंग दोन्हींवर चालणारा बरा, कारण ते सेल पायथ्याच्या गावातही मिळू शकतात आणि चार्जिंगला वीज असेलच असं नाही. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन दिवा रात्रभर जळतो, लॉक नसेल तर एक सेल काढून ठेवायचा. सीझन संपला की सेल काढायचेच, नाहीतर ते पाझरून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि पुढच्या ट्रेकला दिवा लागत नाही. हिमालयात थंडीने साधे सेल लवकर बसतात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचे. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात.

बोलताना समोरच्याच्या तोंडावर उजेड नको, दिवा खाली वळवून मगच मान वर करायची. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी किंवा राजमाचीवरची उधेवाडी अशा गावांतून रात्री जातानाही तसंच, लोक दिवसभर राबून अंगणात झोपलेले असतात.

अडकलात तर आल्प्समधून आलेला संकेत बऱ्याच ठिकाणी चालतो, एका मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीन वेळा दाखवतो. आवाज वाऱ्यात विरतो पण दरीपलीकडून उजेड दिसतो, म्हणून शोधपथक येईपर्यंत जागा सोडायची नाही, दिवा कमीवर ठेवायचा आणि पथकाचे दिवे दिसले की पूर्ण ताकदीने दाखवायचा.