पान किती तास ओलं राहिलं?

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि पूर्वेला शिरोळात पाचशे-सहाशेवर भागतं. एवढा फरक शंभरेक किलोमीटरच्या आत. पण पिकावरच्या बुरशीचा विचार करायचा तर हे मिलिमीटर फारसे उपयोगाचे नाहीत. तासाभरात शंभर मिलिमीटर पडून लगेच लख्ख ऊन पडलं तर बुरशीचं फारसं फावत नाही. उलट पाऊस नावालाही नाही, पण रात्रभर दव आणि सकाळी दहापर्यंत धुई, असे चार दिवस गेले की करपा आलाच म्हणून समजा. बीजाणूला, म्हणजे बुरशीच्या सूक्ष्म बीला, रुजायला सलग ओले तास लागतात.

हे तास मोजायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्सने १९४४ साली सफरचंदाच्या खवड्या रोगासाठी एक तक्ता केला. अमुक तापमानाला पान इतके तास ओलं राहिलं तर लागण होणार, असा. अठरा ते चोवीस अंशांत साधारण नऊ तास पुरतात, थंडीत जास्त लागतात. इंग्लंडमध्ये बोमाँटने १९४७ साली बटाट्याच्या करप्यासाठी असाच ठोकताळा बांधला: किमान तापमान दहा अंशांच्या खाली न जाता आर्द्रता ४८ तास ७५ टक्क्यांच्या वर राहिली, की सावध व्हायचं. आपल्याकडे झडीच्या दिवसांत ७५ टक्के हा आकडा ऐकून हसूच येईल. जुलैत तो दिवसरात्र ओलांडलेलाच असतो.

आता दवाचं गणित. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम वाफ राहू शकते, वीस अंशांना जेमतेम सतरा. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तो यामुळेच. मार्चमधल्या कोरड्या दुपारी, तीस अंश आणि चाळीस टक्के आर्द्रता असताना, दव पडायला हवेला पंधरा अंश उतरावं लागतं. पावसाळ्यात सव्वीस अंश आणि नव्वद टक्के असताना दोन अंश उतरले तरी पुरे. त्यात पान हवेपेक्षाही गार होतं. निरभ्र रात्री ते आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडत असतं, त्यामुळे भोवतालच्या हवेहून एक-दोन अंशांनी खाली जातं. म्हणून पाऊस ओसरल्यानंतरचा काळ, हस्त संपता संपताचा, फसवा असतो. आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, आणि पहाटे शेतात पाय घातला की गुडघ्यापर्यंत भिजायला होतं.

दाट पिकात आणखी एक भर पडते. पानाला चिकटून हवेचा एक पातळ, स्थिर थर असतो आणि झाड स्वतःच बाष्प सोडून तो दमट करत राहतं. वारा असला की तो थर विरतो. वारा अडला की बाहेर ऐंशी टक्के असताना आत शंभर. हवामान केंद्राचा आकडा तुमच्या वाफ्यातल्या खालच्या पानाला लागू नसतो.

या सगळ्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे गांजाचं झाड. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्याची विनापरवाना लागवड गुन्हा आहे. तंतू आणि बियांसाठीच्या कमी नशेच्या वाणांना राज्य सरकारं परवाना देऊ शकतात, उत्तराखंडने तो २०१८ पासून द्यायला सुरुवात केली. तेव्हा इथे सल्ला नाही, वनस्पतिशास्त्र आहे. या झाडाची मादी फुलं एकेकटी येत नाहीत. शेकडो बारीक फुलं एकमेकांना खेटून, राळेने चिकट होऊन एक घट्ट तुरा बनतो. त्यात कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे, धागे लवकर वाळतात, आणि करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, पहिली पकड घेते ती अशाच मेलेल्या भागावर. वीस अंशांच्या आसपासचं तापमान आणि ओल तिला मानवते. तुऱ्याच्या गाभ्यात वारा पोचत नाही, ऊन पोचत नाही. बाहेरून तुरा हिरवागार दिसतो आणि एखादंच पान कारण नसताना वाळलेलं असतं. ते ओढलं की अलगद हातात येतं, आत करडी भुकटी. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, जिथे ही शेती मोठ्या प्रमाणात होते, तिथे पॅसिफिकवरून येणारं धुकं हीच मुख्य धास्ती.

पण सगळेच वाण सारखे कुजत नाहीत, आणि मला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. हिंदुकुशच्या कोरड्या डोंगरातली झाडं बुटकी, तुरे गच्च. केरळच्या डोंगरांसारख्या पावसाळी मुलखातली उंच, सडपातळ, तुरे विरळ आणि मोकळे, ज्यांतून वारा आरपार जातो. आता ज्वारीकडे बघा. पश्चिम आफ्रिकेच्या जास्त पावसाच्या पट्ट्यातल्या ‘गिनी’ गटाच्या ज्वारीचं कणीस सुटं, लोंबतं असतं, पाणी निथळून जातं. आपली मालदांडीसारखी रब्बी ज्वारी गच्च कणसाची. तिला ते परवडतं, कारण तिचे दाणे भरतात ते कोरड्या थंडीत. दोन वनस्पतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी ओल्या मुलखात दोघींचा आकार सारखाच मोकळा झाला. कधी निसर्गाने निवडलं, कधी शेतकऱ्याने कुजलेलं बी बाजूला टाकून.

दुसरा बचाव वेळेचा. १९१२ साली पॅरिसमध्ये ज्युलियाँ तूर्न्वा हा तरुण संशोधक हॉप, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती वेल, आणि हेम्प, म्हणजे गांजाचंच तंतूसाठी लावलं जाणारं भावंड, यांवर काम करत होता. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपं एवढीशी असतानाच फुलायला लागली. ऊब होती, पाणी होतं, मग फरक कशाचा? त्याचा निष्कर्ष: दिवसाच्या लांबीचा, किंबहुना रात्रीच्या. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात तो मारला गेला. पुढे १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर तेच दाखवलं, आणि श्रेय बहुतांशी त्यांच्या नावावर जमा झालं. पाठ्यपुस्तकांत तूर्न्वा क्वचितच भेटतो, याचं वाईट वाटतं.

रात्र लांबली की फुलायचं, हा नियम पावसाळी मुलखात फार शहाणपणाचा आहे. पेरणी आठ दिवस मागे-पुढे झाली तरी फूल येतं ते पाऊस सरताना. मात्र घड्याळ त्या त्या अक्षांशाला लावलेलं असतं. कोल्हापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा वर, चाळीस अंश उत्तरेला तो पंधरा तासांचा. तिकडच्या हेम्पचं बी इकडे जूनमध्ये पेरलं तर त्याला वाटतं शरद ऋतू आला. हातभर उंचीवरच ते फुलोऱ्यात येतं, तेही ऐन झडीत. बाहेरून आणलेलं ‘उत्तम’ बी का फसतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

ज्वारीत आपण हेच घड्याळ स्वतःच्या हाताने काढून टाकलं. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीने उत्पादन वाढवलं, यात शंका नाही. पण ती शंभरेक दिवसांत तयार व्हायची, आणि खरिपात पेरली की दाणे पक्व होत ते पावसातच. मग फ्युजॅरियम, कर्व्ह्युलेरिया असल्या बुरशी आणि काळी पडलेली ज्वारी. जुन्या खरीप वाणांना कणीस उशिरा येई, म्हणून ते वाचत. आजऱ्याच्या घनसाळसारखा लांब मुदतीचा भात आजही पाऊस संपल्यावर कापणीला येतो. द्राक्षवाल्यांनी तर कॅलेंडर कात्रीने बदललं. तासगाव भागातली ऑक्टोबर छाटणी म्हणजे फुलोरा पावसाच्या पलीकडे ढकलायची युक्ती. चढ्या भावासाठी छाटणी लवकर घेतली आणि पाऊस लांबला, तर पानावर केवडा हा बुरशीसारखा रोग आणि घडात कूज ठरलेली.

आता सेंद्रिय फवारण्यांकडे. केवड्यासाठी बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालतं. फ्रान्समध्ये चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडलेला मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिला आणि १८८५ मध्ये त्याचं औषध जाहीर केलं. पण तांबं मातीत साठतं. युरोपीय संघाने म्हणूनच हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्यांना विळखा घालून खाते. शेणखतात मुरवून मातीत दिली तर मूळकुजीवर चांगलं काम करते, पण बोर्डोबरोबर एकत्र दिली तर तांब्याने तीच मरते. उन्हातल्या अतिनील किरणांनाही ती टिकत नाही, म्हणून पानावर द्यायची तर संध्याकाळी द्या असं सांगतात. गंमत अशी की संध्याकाळची फवारणी पानाचे ओले तासच वाढवते! दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्कालाही तोच हिशेब लागू. झडीत तर मी कुठल्याच फवारणीवर फार भरवसा ठेवणार नाही.

त्यापेक्षा साध्या गोष्टींनी तास कमी होतात. ओळी पश्चिमेच्या वाऱ्याच्या दिशेने, अंतर नेहमीपेक्षा थोडं जास्त, टोमॅटोला वेळेवर बांधणी, मातीला टेकलेली खालची पानं काढलेली, तुषारऐवजी ठिबक, आणि सकाळचं पहिलं ऊन अडवणारी झाडं पूर्वेला नकोत. फक्त भुरीला, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला, हे नियम लागू नाहीत. तिच्या बीजाणूंना दमट हवा लागते पण पानावर साचलेलं पाणी सोसत नाही, म्हणून ती पाऊस थांबल्यावर हिवाळ्यात येते. तिच्यावर पातळ केलेलं दूधही चालतं. ब्राझीलच्या बेट्टिओलने १९९९ मध्ये झुकिनीवर तसा प्रयोग करून दाखवला आहे.

आणि एका कामात ही कूज मुद्दाम बोलावली जाते. हेम्प आणि जवसाचे देठ युरोपात कापून शेतातच पसरतात. काही आठवडे दव पडू देतात, बुरशी देठातलं पेक्टिन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, खाते आणि तंतू सुटे होतात. दव कमी पडलं तर तंतू सुटत नाही, जास्त दिवस ठेवलं तर तंतूच सडतो. आपल्याकडे अंबाडी आणि ताग याचसाठी पाण्यात बुडवतात. तिथे बुरशीऐवजी मुख्यतः जिवाणू काम करतात, आणि वास मात्र दोन शेतं ओलांडून येतो.