दाबोळीची धावपट्टी आणि पुण्याहून उडालेली 12 कॅनबेरा

गोवा मुक्ती म्हटलं की आपल्याकडे नानासाहेब गोरे, सेनापती बापट, पत्रादेवीचा गोळीबार हे लगेच आठवतं, आणि मग डायरेक्ट 19 डिसेंबर 1961. पण त्याच्या आदल्या दिवशी सकाळी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडालेल्या बॉम्बर विमानांबद्दल फार कोणी बोलत नाही. पोर्तुगीज आजही या सगळ्याला आक्रमण म्हणतात आणि आपण मुक्ती, तो वाद बाजूला ठेवू, इथे फक्त त्या बॉम्बरचं बघूया.

सुरुवात या विमानांनी ज्यावर बॉम्ब टाकले त्या गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीपासूनच करायला हवी, कारण ती तिथे झाली त्यात आपलाही हात होता. 1954 ला दादरा नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली, 1955 च्या 15 ऑगस्टला त्यांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, मग भारताने नाकेबंदी आवळली, रेल्वे बंद केली आणि गोव्याला जगाशी जोडणारं समुद्र आणि आकाश एवढंच उरलं. म्हणून पोर्तुगिजांनी दाबोळीला विमानतळ केला, टीएआयपी नावाची स्वतःची विमान कंपनी काढली आणि ती कराचीला वगैरे विमानं न्यायला लागली. म्हणजे आपण जमिनीवरून कोंडलं, ते वरून बाहेर पडले, आणि 6 वर्षांनी वरची वाटही बंद करायची वेळ आली.

आता विमानं. कॅनबेरा हे ब्रिटिश बनावटीचं दोन इंजिनांचं जेट बॉम्बर, आपल्या एअर फोर्सने ते 1957 पासून घेतलं. पुण्यात 16 आणि 35 नंबरची स्क्वाड्रन होती. गंमत म्हणजे त्याच महिन्यात 5 नंबरच्या स्क्वाड्रनची कॅनबेरा युनोच्या वतीने तिकडे आफ्रिकेत, काँगोतून फुटलेल्या कटांगा प्रांताच्या विमानतळांवर हल्ले करत होती, म्हणजे 1961 च्या डिसेंबरात आपले बॉम्बर दोन खंडांत कामाला लागले होते, हे किती जणांना माहीत असेल?

हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटोंकडे होती, आणि विमानं पुण्याहून आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडणार होती. कॅनबेरांना मिळालेला हुकूम मात्र भलताच नाजूक होता. दाबोळीची धावपट्टी निकामी करा पण टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना धक्का लावू नका. दीव दमणच्या विमानतळांवर तर परवानगीशिवाय हात टाकायचाच नाही. उद्या हे सगळं आपलंच होणार आहे, मग कशाला मोडायचं, असा सरळ हिशोब असावा. शिवाय दाबोळीला सेबर जेट फायटर ठेवलेत अशी खबर होती, ती नंतर खोटी निघाली. लढाऊ विमान म्हणून तिथे काहीच नव्हतं.

18 तारखेला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली 12 कॅनबेरा गेली आणि काही मिनिटांत 63,000 पौंड, म्हणजे साधारण 28 टन बॉम्ब धावपट्टीवर टाकून आली. मग विंग कमांडर सुरिंदर सिंग 8 कॅनबेरा घेऊन परत तिथेच. दोन्ही खेपेला इमारती शाबूत. तिसरा हल्ला हंटर या लढाऊ विमानांचा होता, 6 हंटरनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन रॉकेट आणि तोफांनी उडवलं.

खरी मजा यानंतर आहे. विमानतळावर दोन प्रवासी विमानं उभी होती, एक पोर्तुगालच्या टीएपी कंपनीचं कॉन्स्टेलेशन आणि दुसरं टीएआयपीचं डीसी-4. हल्ल्यांतून दोन्ही वाचली. आपल्या बाजूने धावपट्टी पार संपली असं धरलेलं, पण धावपट्टी म्हणजे काही पूल नव्हे की एकदा पडला की संपला, ती खड्डे पडलेली लांबलचक पट्टी, आणि दोन खड्ड्यांच्या मधली जागा तशीच राहते. त्या रात्री विमानतळावरच्या लोकांनी घाईघाईत एक तुकडा दुरुस्त केला, विमान हलकं व्हावं म्हणून सीटा वगैरे काढून फेकल्या आणि अधिकाऱ्यांची बायकामुलं आत बसवून कॉन्स्टेलेशन जेमतेम 700 मीटरमध्ये उचललं. दगडधोंडे उडून विमानाच्या अंगाला 25 भोकं पडली, एक टायर गेला, तरी उडालं! मागोमाग डीसी-4 पण. दोघंही अंधारात समुद्रावरून अगदी खालून उडत आपल्या गस्तीला चुकवून कराचीला पोचले.

माझं मत विचाराल तर यात मेनन आणि सुरिंदर सिंगांच्या लोकांचा दोष काढण्यात अर्थ नाही, त्यांना सांगितलेलं काम त्यांनी तंतोतंत केलं, इमारतींना खरंच धक्का लागला नाही. पण साधे बॉम्ब टाकून धावपट्टी कायमची बंद होते हा समज तिथेच खोटा ठरला. खड्डे पाडल्यावर ते बुजवणाऱ्यांना पुढच्या काही तासांत फुरसत मिळू द्यायची नाही हे अर्धं काम उरतंच, आणि ते त्या रात्री झालं नाही.

दुसऱ्या दिवशी, 19 डिसेंबरला संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. दाबोळी पुढे नौदलाकडे गेलं आणि अजूनही त्यांच्याकडेच आहे. 2023 च्या जानेवारीत मोपाचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत गोव्याला विमानाने जाणारा प्रत्येक जण याच दाबोळीला उतरायचा. कॅनबेरा मात्र एअर फोर्समध्ये चक्क 2007 च्या मे महिन्यापर्यंत उडत होती.