लोर की मोकळीक (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट रोलप्ले)

अमेरिकेतलं मून गार्ड, युरोपातलं आर्जेंट डॉन असे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचे जे रोलप्ले सर्व्हर (कॅरेक्टरची भूमिका वठवत खेळण्यासाठीचे) आहेत तिथला हा जुना वाद. आपलं कॅरेक्टर गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने लिहिलेल्या इतिहासात म्हणजे लोरमध्ये बसलंच पाहिजे का, की खेळणारे आपण तर गोष्टही आपलीच? इथे लोक क्वेस्ट म्हणजे गेमने दिलेल्या कामगिऱ्या बाजूला ठेवून गेममधल्या स्टॉर्मविंड शहरात तासन्‌तास कॅरेक्टर बनून टाइप करत बोलतात, आणि टोटल आरपी 3 सारख्या ॲडऑनमध्ये (गेमला जोडायच्या प्रोग्रॅममध्ये) त्याचं वर्णन, पूर्वायुष्य लिहून ठेवतात जे समोरच्याला वाचता येतं. भांडण बहुतेक वेळा तिथूनच पेटतं, कारण कोणी अर्धा ड्रॅगन असतो तर कोणी राजघराण्याचा लपवलेला वारस.

लोरवाल्यांना सरसकट लोर-पोलीस म्हणून उडवून लावणं मला अजिबात पटत नाही. दोन अनोळखी माणसं भेटल्या भेटल्या सीन सुरू करू शकतात ते लॉर्डेरॉनचं राज्य कसं पडलं हे दोघांनाही माहीत असतं म्हणूनच, आणि एकाने 'ते राज्य बुडवणाऱ्या आर्थसला मी एकट्याने मारलं' म्हटलं की दुसऱ्याला बोलायला जागाच उरत नाही.

पण लोर तरी कुठे एका जागी थांबतो? 2002 च्या वॉरक्राफ्ट 3 या आधीच्या गेमच्या मॅन्युअलमध्ये एरेडार या जमातीमुळे सार्गेरस हा मोठा खलनायक बिघडला होता, 2007 च्या बर्निंग क्रुसेड या एक्सपान्शनमध्ये (गेमच्या मोठ्या नव्या भागात) उलटं झालं, सार्गेरसनेच एरेडारांना बिघडवलं, आणि ड्रेनाय हे त्यातूनच निसटलेले लोक ठरले. असे बदल म्हणजे रिटकॉन. नाइट एल्फांमध्ये आर्केन जादूवर हजारो वर्षं बंदी होती, त्यामुळे नाइट एल्फ मेज (जादूगार) म्हटलं की लोक तोंड फिरवायचे, आणि 2010 च्या कॅटॅक्लिझम एक्सपान्शनमध्ये हायबॉर्न हे जुने जादूगार नाइट एल्फ परत आले नि तोच मेज अधिकृत झाला. म्हणजे आधी ज्यांना चुकीचं ठरवलं होतं त्यांची कल्पना काही इतकी वेडगळ नव्हती.

त्याच वर्षी ब्लिझकॉन या ब्लिझर्डच्या फॅन मेळाव्यात लाल शर्टातल्या एका फॅनने विचारलं की ड्वार्फ म्हणजे बुटक्यांच्या कौन्सिलमध्ये त्यांचा नेता फॉलस्टॅड वाइल्डहॅमर का नाही, तर स्टेजवरून उत्तर आलं की तो मेला ना, आणि त्या फॅनने तिथल्या तिथे सांगितलं की नाही, तो जिवंत आहे. ब्लिझर्डने फॉलस्टॅडला कौन्सिलमध्ये घेतलं, शिवाय ड्वार्फांच्या आयर्नफोर्ज शहरात लाल शर्टातला वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर उभा केला. लोर जपणाऱ्या प्लेअरला इतका मान मिळालेला मला फार आवडतो.

रोजच्या खेळात तोडगा गिल्ड म्हणजे प्लेअरांचे गट काढतात, काही गिल्ड कॅरेक्टर तपासूनच आत घेतात, काही काहीही चालवून घेतात. माझ्या मते लोर जिथे गप्प आहे, म्हणजे नाव नसलेलं खेडं, एखादं छोटं घराणं, साधा शिपाई, तिथे पूर्ण मोकळीक हवी, पण जिथे तुमच्या कल्पनेमुळे दुसऱ्याची गोष्ट खोटी पडते तिथे आधी विचारायला हवं. हाय एल्फ खेळणाऱ्यांनी हेच केलं, गेममधल्या अलायन्स या बाजूला ती रेस (जमात) मिळत नव्हती तरी लोरमध्ये अलायन्सकडे राहिलेले थोडे हाय एल्फ होतेच, त्यांचा आधार घेऊन वर्षानुवर्षं कॅरेक्टर चालवली, आणि 2020 मध्ये अलायन्सच्याच व्हॉइड एल्फ रेसला साध्या त्वचेचे रंग मिळाल्यावर ती स्क्रीनवरही तशी दिसायला लागली.