सडा (कोकण)

सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. रत्नागिरी, राजापूर, देवगड कुठेही जा, खाली खलाटीत, म्हणजे सखल शेतजमिनीत भात, उतारावर वाडी आणि घाटी चढून वर गेलं की सडा. सातबाऱ्यावर त्याला बरेचदा पोटखराबा (लागवडीला निरुपयोगी जमीन) नाहीतर पडीक लिहिलेलं असतं आणि ते वाचून खरंच वाईट वाटतं, कारण गावातल्या विहिरी जिवंत राहतात त्या सड्यामुळे. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं, त्याच झऱ्यांवर पऱ्ये, म्हणजे लहान ओढे वाहतात.

उन्हाळ्यात बघाल तर नुसता काळा तापलेला कातळ. पण जूनमध्ये पहिले पाऊस पडले की बोटभर मातीतनं गवत उठतं, दिपकाडीची पांढरी फुलं येतात (ही कोकणातलीच, बाहेर शोधून मिळायची नाही), मग श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं. ही आसवं दिसायला नाजूक निळी, पण कातळावरच्या मातीत पोषण कमी म्हणून पाण्यातले बारीक जीव पकडून खातात!

गुरं पावसाळाभर इथेच चरायची, गुराखी पोरं इरली (पावसासाठी पानांची केलेली टोपडी) घेऊन दिवसभर वर. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडलं की कापणी, भारे डोक्यावरून खाली, काही वैरणीला, काही गोठा शाकारायला, आणि उरलेलं शेण-पालापाचोळ्याबरोबर भाजावळीला, म्हणजे भाताची रोपं जिथे करायची ती जागा भाजायला.

याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. बारसू, कशेळी, उक्षी वगैरे ठिकाणची ही कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. गावकरी कित्येक वर्षं त्यांच्यावरून गुरं नेत होते.

आता काही सडे चिरेखाणीत (जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीत) गेले, काहींवर सुरुंग लावून खड्डे पाडून आंबा-काजू लावला. गुरं कमी झाली तसं गवत कापायलाही कोणी वर जात नाही, ते वाळून उभंच राहतं आणि एक ठिणगी पडली की वणवा थेट बागेत, दहा-पंधरा वर्षांची कलमं एका दुपारीत करपतात. म्हणून बागवाले पाऊस सरल्यावर बेणणी करतात, बागेच्या कडेने गवत साफ करून पट्टा मोकळा ठेवतात.