स्टॅम्पवरची फारकत आणि कोर्टाची डिक्री

दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू असली की कुणीतरी म्हणतंच, "फारकत झालीये हो, स्टॅम्पवर लिहून घेतलंय." मग कागद निघतो, दोघांच्या सह्या, साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का, एकदम सरकारी वाटतो. पण तो घटस्फोट नाही! नोटरी फक्त एवढंच सांगतो की सही याच माणसाने केली, लग्न मोडायचा अधिकार त्याला कुणी दिलेलाच नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात लग्न मोडतं ते कोर्टाच्या डिक्रीने, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम हुकुमाने (बौद्ध, जैन, शीख पण यातच येतात). एक अपवाद आहे, कलम २९, जातीत काडीमोडाची जुनी रूढी असेल तर ती चालते, पण वाद झाला की ती रूढी कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, पंच म्हणाले म्हणून भागत नाही. आदिवासींना तर हा कायदा सहसा लागूच होत नाही, तिथली गोष्ट वेगळी.

आता दोघं राजी असतील तर कोर्टाचा रस्ताही लोक समजतात तेवढा भयंकर नाही. म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटासाठी कलम १३ ब, किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, मग दोघांनी मिळून अर्ज, त्यानंतर सहा महिने थांबायचं आणि दुसऱ्यांदा हजर राहून "हो, नकोच" म्हणायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगितलंय, फक्त वकिलाने तसा अर्ज टाकायला पाहिजे. आणि डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं, तेव्हा अर्ज टाकला म्हणजे सुटलो असं धरून हॉल बुक करू नका.

खर्चाचं म्हणाल तर कोर्ट फी किरकोळच, पैसा जातो वकिलाला, त्यामुळे फी तारखेवारी न ठरवता एकरकमी ठरवा. महाराष्ट्रात बायकांना अशा केसमध्ये कोर्ट फी माफ आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे माहीत नसतं म्हणून कित्येक जणी नोटरीकडे जातात.

स्टॅम्पवाला कागद स्वस्त पडतो तो दुसरं लग्न करेपर्यंत. पहिलं लग्न कायद्याने चालूच असतं, त्यामुळे दुसरं शून्य, आणि वर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा.

असा कागद आधीच केला असेल तर फाडू नका मात्र. कधीपासून वेगळे राहतोय ते त्यातून दाखवता येतं, आणि पोटगी, मुलांचा ताबा, दागिने यांचं ठरलेलं तेच कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी मिळून कोर्टात द्यायच्या लेखी अटींमध्ये) घालता येतं. डिक्री झाली की तिची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची असं कायद्यातच लिहिलंय, ती मागून घ्या.