दरी खोदते कोण, नदी की अजून कोणी?

दोन उंच बाजू आणि मधे लांबट सखल पट्टा, एवढं असलं की झाली दरी. ती कशी झाली विचारलं की उत्तर ठरलेलं, नदीने खोदली. पण हे अर्धंच खरंय.

अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ही दरी बघा. खोली काही ठिकाणी १.८ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २९ किलोमीटरच्या आसपास, आणि खाली वाहणारी कोलोरॅडो नदी सरासरी जेमतेम ९० मीटर रुंद! मग बाकीचा डोंगर गेला कुठे? नदी मुख्यतः तळ कापते, तेही नुसत्या पाण्याने नाही तर सोबतच्या वाळू-गोट्यांनी घासून घासून. बाजू मात्र स्वतःच ढासळतात, पावसाने, भेगांत गोठून फुगणाऱ्या पाण्याने, दरडींनी, आणि पडलेला माल नदी उचलून नेते, म्हणजे खोदणारी कमी आणि हमाल जास्त. यातूनच व्ही अक्षरासारखा आकार येतो.

बर्फाचं काम वेगळं. हिमनदी अख्खी दरी भरून सरकते त्यामुळे तळाबरोबर बाजूही खरवडते आणि यू आकार होतो. नदीला समुद्रपातळीच्या फार खाली कापता येत नाही, बर्फाला येतं, म्हणून तर नॉर्वेचा सोग्ने फ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, आता समुद्राचं पाणी भरलेली दरी) १३०० मीटरपर्यंत खोल आहे.

मला सगळ्यात भारी वाटतो तो जॉन प्लेफेअरचा मुद्दा. १८०२ मध्ये या स्कॉटिश माणसाने लिहिलं की उपनद्या मुख्य नदीला बहुतेक वेळा बरोब्बर तिच्याच पातळीवर येऊन मिळतात, दऱ्या जर आयत्या पडलेल्या भेगा असत्या तर हा योगायोग सगळीकडे कसा जमला असता? नद्यांनीच हळूहळू कापल्या असणार. गंमत म्हणजे जिथे हा नियम मोडतो तिथे बऱ्याचदा जुनी हिमनदी सापडते. मोठ्या हिमनदीने मुख्य दरी खोल खरवडली, बाजूच्या छोट्या हिमनदीची दरी मागे पडली आणि वर लटकत राहिली. अमेरिकेतल्या योसेमिटीचा ब्रायडलव्हेल धबधबा अशाच लटकत्या दरीतून जवळपास १९० मीटर खाली पडतो.

आयत्या दऱ्या पण असतातच हं. पूर्व आफ्रिकेत जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खचला, नदी तिथे नंतर आली. मंगळावरची ४००० किलोमीटर लांब व्हॅलेस मरिनेरिस पण मुळात कवच ताणून फाटल्याने झाली असं मानतात, आणि तिथेही रुंदी वाढवायला प्रचंड दरडींनीच हातभार लावलाय.