काळ्या थरातली चांदी

माझ्याकडे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे सहा जुने चांदीचे चहाचे चमचे आहेत, चोर बाजारातून घेतलेले. पाच चमच्यांच्या दांड्यामागे भिंग धरलं की शिक्क्यांची ओळ स्वच्छ दिसते: एक पाय उचलून चाललेला सिंह, मुकुट, एक अक्षर, कारागिराची आद्याक्षरं आणि राणी व्हिक्टोरियाचं डोकं. सहाव्यावर नुसत्या उथळ खळग्या उरल्यात. ते शिक्के कुणी मुद्दाम खोडलेले नाहीत. बहुधा हा चमचा बाकीच्यांपासून फुटून वेगळ्या घरी गेला आणि तिथे तो कित्येक वर्षं फार मनापासून घासला गेला.

जुनी विलायती चांदी जमवणाऱ्याला या शिक्क्यांतच सगळं सापडतं. सिंह म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी; लंडनमध्ये हा शिक्का 1544 पासून आहे. मुकुट म्हणजे 1773 मध्ये सुरू झालेली शेफील्डची परीक्षण कचेरी. राणीचं डोकं म्हणजे कर भरल्याची पावती, आणि राजा-राणीच्या डोक्याचा हा शिक्का 1784 ते 1890 एवढाच काळ मारला जाई. म्हणजे साल सांगणाऱ्या अक्षरांचा तक्ता न उघडताही माझे चमचे 1890 च्या आधीचे किंवा फार तर त्या सालचे, हे कळलं. सहाव्याबद्दल हेच सांगायला माझ्याकडे घडणीखेरीज पुरावा नाही.

घरी येणारे मात्र शिक्के बघत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, “काळे पडलेत, चांदी खोटी आहे का?” आपल्याकडे पैंजण काळे पडले की “अंगात उष्णता फार” म्हणतात आणि बाळाचे वाळे काळवंडले की दृष्ट काढतात. युरोपात एकेकाळी विष ओळखायला चांदी वापरत. या सगळ्यांत चांदी काळी पडण्यामागे एकच कारण आहे: गंधक. हवेत हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणात असतो, घामात आणि काही प्रसाधनांत गंधकाची संयुगं असतात. शुद्ध सोमलाने, म्हणजे आर्सेनिकच्या विषाने, चांदी काळी पडत नाही, उकडलेल्या अंड्याने पडते. म्हणून तर व्हिक्टोरियन काळातल्या अंड्याच्या चमच्यांच्या वाटीला सोन्याचा मुलामा असे. बाळाला उष्णता झाली असेल तर थर्मामीटर लावावा. वाळ्याला ते कळत नाही.

आता मला खरोखर आवडणारा भाग. चांदी उच्च धातूंमध्ये मोडते. घरातल्या तापमानाला नुसता ऑक्सिजन तिचं काही बिघडवू शकत नाही. मग गंधकापुढेच ती का हरते? पाण्यात मोकळे फिरणारे चांदीचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा धातू व्हायला किती उत्सुक असतात, हे व्होल्टमध्ये मोजतात. तो आकडा अधिक 0.80 आहे, म्हणजे चांदीला धातूच राहायचं असतं. पण सल्फाइड शेजारी आलं की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मोकळे आयन उरतच नाहीत. ते घट्ट स्फटिकात अडकतात. त्यामुळे तोच आकडा घसरून उणे 0.69 होतो. जवळपास दीड व्होल्टची घसरण! आकडा इतका खाली आल्यावर एरवी चांदीपुढे निष्प्रभ ठरणारा ऑक्सिजन सहज तिचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो. दमट हवेत हे आणखी सोपं होतं, कारण चांदीवरची पाण्याची पातळ साय या देवघेवीला जागा देते.

थर अगदी पातळ असतो तेव्हा तो पिवळसर दिसतो, मग तपकिरी, जांभळा, निळा. साबणाच्या फुग्यावरचे रंग जसे पापुद्र्याच्या जाडीवर ठरतात, तसेच हे. काळा रंग सगळ्यात शेवटी येतो.

आणि या काळ्या थरात वजनाने 87 टक्के चांदीच असते. आपण रांगोळी, भस्म किंवा टूथपेस्ट लावून “मळ” काढतो तेव्हा मळ म्हणून चांदीच गटारात जाते. हिशोब करून बघा. थर समजा 100 नॅनोमीटरचा आहे. त्यात साधारण 60 नॅनोमीटर जाडीची चांदी अडकलेली असते. वर्षातून चार वेळा, शंभर वर्षं घासलं तर 24,000 नॅनोमीटर, म्हणजे 24 मायक्रॉन गेले. चांदीच्या चांगल्या मुलाम्याची जाडीच 20 ते 30 मायक्रॉन असते! मुलाम्याच्या जुन्या चमच्यांवर टेकणाऱ्या जागी खालचा पिवळसर धातू उघडा पडलेला दिसतो तो यामुळेच. त्या धातूला जर्मन सिल्व्हर म्हणतात, पण तो तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी औषधालाही नसते. (आणि गावाकडची ‘जर्मनची भांडी’ ही अ‍ॅल्युमिनियमची. तो आणखी वेगळा घोटाळा.)

अ‍ॅल्युमिनियमवरून तो व्हिडिओ आठवला असेल: फॉइल, गरम पाणी, खाण्याचा सोडा, आणि चांदी “जादूने” लख्ख. जादू नाही, ती एक बॅटरी आहे. गरम अल्कधर्मी पाण्यात अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा विरघळतो आणि उघडा पडलेला धातू, उणे 2.3 व्होल्टच्या आसपासचा, इलेक्ट्रॉन सोडायला लागतो. चमचा फॉइलला टेकलेला असेल तर ते थेट सिल्व्हर सल्फाइडपर्यंत पोचतात. चांदी परत धातू होते, गंधक पाण्यात जातो, सडक्या अंड्यांचा हलका वास येतो. टेकवलं नाही तर काही होत नाही, करून पाहा.

पण परत आलेली चांदी पूर्वीच्या जागी घट्ट बसत नाही. ती सच्छिद्र, निस्तेज थर होऊन बसते आणि सच्छिद्र असल्यामुळे लवकर काळी पडते. शिवाय नक्षीच्या खोलगट भागातली मुद्दाम जपलेली काळी छटाही निघून जाते, आणि शिंपल्यांची नक्षी असलेला किंग्ज पॅटर्नचा काटा एकदम सपाट दिसू लागतो. साध्या चमच्याला ही युक्ती चालेल. जुन्या सुरीला मात्र कधीच नको: तिची मूठ बहुधा पोकळ असते, आत राळ भरलेली, आणि गरम पाण्यात ती फुगून जोड उकलतो.

मी माझे चमचे वापरतो, लगेच कोमट पाण्याने धुतो आणि मऊ फडक्याने कोरडे करतो. रोजच्या वापरात थर जमायला वेळच मिळत नाही. लोकर आणि रबर त्यांच्याजवळ ठेवत नाही, कारण दोन्हींत गंधक असतो. विक्रेत्याने ते सहा चमचे रबरबँड लावून दिले होते आणि मी ते तसेच आठवडाभर खणात ठेवले. वरच्या चमच्याच्या दांड्यावर तेव्हा उमटलेली काळी आडवी रेघ अजून आहे. ती शिक्क्यांच्या अगदी लगत आहे, म्हणून मी तिला हात लावलेला नाही.